एकच पदार्थ, सात वाट्या

(या वेळचं पत्र सांगलीच्या विश्रामबागेतून आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंचं माहेर रत्नागिरीचं, सासर इथलं. पुढच्या महिन्यात सासऱ्यांना पंचाहत्तरावं वर्ष लागतंय, म्हणून पुण्याहून दीर-जाऊ येणार आहेत. घरात नवा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आला आहे. ताईंच्या मनात आहे की त्या रात्री माहेरच्या चवीचा, पण हॉटेलात मिळतो तसा देखणा, भाजलेला माशाचा पदार्थ करावा. व्हाइट सॉस, चीज, कोळंबी घातलेला. अडचण माणसांची आहे. सासऱ्यांना मटण प्रिय, माशाला ‘वास येतो’, आणि जेवण तिखट नसेल तर ते पचपचीत. शिवाय मासे आणि दूध एकत्र म्हटलं की ‘अंगावर कोड उठेल’ हा त्यांचा ठाम शब्द. नवऱ्याच्या घशात लहानपणी काटा अडकला होता, तेव्हापासून ते माशाला हात लावत नाहीत. नऊ वर्षांचा मुलगा बटाटा आणि चीज सोडून कशाकडे बघत नाही. हिरवं काही दिसलं की ताट सरकवतो. जाऊबाई म्हणतात कोळंबीनं घशाला खाज सुटते, घरचे म्हणतात नखरे आहेत. सासूबाई माळकरी. ‘सगळ्यांनी एका पंगतीला बसून एकच पदार्थ खावा एवढंच मला हवंय, पण बहुतेक मी पाच भाज्या करत बसणार,’ असं पत्राच्या शेवटी आहे.)

ताई,

पाच भाज्या करू नका. एकच पदार्थ करा, पण एका मोठ्या भांड्यात नको. सात वाट्यांत करा. तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तुमच्या घरात ‘मासा आवडत नाही’ असं कुणीच म्हणत नाहीये. एकाला वास नको, एकाला काटा नको, एकाला अनोळखी काही नको, एकीला कोळंबी सोसत नाही. प्रत्येकाची नड वेगळी, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक नड चुलीपाशी सुटणारी आहे.

दोन माणसांना मात्र आधी या यादीतून बाहेर काढा. सासूबाई नखरेल नाहीत, त्यांचं ते व्रत आहे. त्यांची वाटी वेगळी, आधी भरलेली आणि आधी भाजलेली हवी. ते कसं करायचं ते पुढे सांगते. दुसऱ्या तुमच्या जाऊबाई. कोळंबी खाल्ल्यावर घशाला खाज येणं ही कवचाच्या जलचरांची ॲलर्जी असू शकते. कोळंबी, खेकडा, शेवंड ही एकाच गोत्रातली, आणि ही ॲलर्जी मोठेपणी अचानकही सुरू होते. आज खाज सुटली म्हणून पुढच्या वेळी खाजच सुटेल असं नसतं. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं इथपर्यंत ती जाऊ शकते. ‘एक खाऊन तर बघ’ हा आग्रह त्यांना कुणीही करता कामा नये, आणि त्यांनी पुण्यात ॲलर्जीच्या डॉक्टरांना एकदा दाखवावं हे तुम्ही मोठ्या जावेच्या मायेनं सांगा. काहींना कोळंबी शिजतानाच्या वाफेनंसुद्धा त्रास होतो. म्हणून त्या रात्री तुमच्या स्वयंपाकघरात कोळंबी नको, वेगळ्या वाटीतही नको. जवळा आणि सोडेही कोळंबीच्याच कुळातले, त्यामुळे माहेरून आलेला सोड्यांचा डबा तेवढा दिवस फडताळात राहू दे. साधा मासा त्यांना चालतो का, हे फोन करून आधी विचारून घ्या. बऱ्याच जणांना चालतो, पण खात्री त्यांच्याच तोंडून हवी.

आता दुधाचं. मासे आणि दूध हा विरुद्ध आहार आहे असं चरकसंहितेत म्हटलेलं आहे, त्यामुळे सासऱ्यांचं म्हणणं त्यांनी मनानं काढलेलं नाही. कोड या जोडीनं उठतं असं मात्र आजचं वैद्यक मानत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्यानं कोड येतं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. पंचाहत्तरीच्या ताटावर हा वाद काढायची गरज नाही, कारण तुम्ही रत्नागिरीच्या आहात आणि दुधापेक्षा चांगली वस्तू तुमच्या हातातली आहे. व्हाइट सॉस नारळाच्या दुधाचा करा. माशाला नारळ गाईच्या दुधापेक्षा जास्त शोभतो असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घातलं की तो सॉस तुमच्या माहेरच्या चवीच्या अगदी जवळ जातो.

तर पदार्थ असा: तळाला नारळाच्या दाट रसात बिनकाट्याचा मासा, वर मऊ बटाट्याचं झाकण, वरून सोनेरी भाजलेलं. विलायतेत असा पदार्थ घरोघरी होतो, त्यात दूध आणि लोणी असतं. आपण त्याला आपल्या स्वयंपाकघरात आणू.

मासा कोणता? सुरमई किंवा रावस. मांस घट्ट, मधला काटा सहज सुटतो. पापलेट या पदार्थाला पातळ पडतं आणि त्याचं देखणेपण बटाट्याखाली वाया जातं. बांगडा मला स्वतःला फार आवडतो, पण तो तेलकट, त्याचा वास घरभर होतो; सासऱ्यांसाठी तो त्या दिवशी नको. रोहू-कटला तर मुळीच नको. त्यांच्या मांसात दुबेळक्याचे बारीक काटे असतात, ते कितीही वेचले तरी एखादा राहतोच, आणि तुमच्या यजमानांसाठी एखादा म्हणजे पुष्कळ झाला.

सांगलीत समुद्राची मासळी घाट चढून बर्फात येते, म्हणून ‘कालचं की आजचं’ यापेक्षा बर्फ कसा होता हे महत्त्वाचं. अख्खा मासा बघून घ्या आणि समोर कापून घ्या. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालबुंद, बोटानं दाबलं तर खळगा न राहता मांस परत वर येणारं. आधीच कापलेल्या तुकड्यांत मांस काट्यापासून सुटलेलं असेल किंवा खाली पाणी साचलं असेल तर पुढच्या गाळ्यावर जा. घरून थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेऊन जा, कारण बाजारातून घरापर्यंतच्या उन्हात मासा जितका उतरतो तितका वाटेतल्या गाडीतही उतरत नाही. आणि हा बेत जून-जुलैत असेल तर किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा सुरमईचा हट्ट धरू नका.

त्या दिवशी मनासारखी सुरमई नसेल तर मरळ घ्या. हा मासा हवेतून श्वास घेतो, म्हणून टबात जिवंत ठेवून विकता येतो; कोकणापासून इतक्या दूर याहून ताजं काही मिळणार नाही. काटेही कमी. फक्त कातडी काढून घ्या आणि लिंबू हात सैल सोडून लावा.

इथेच सासऱ्यांच्या ‘वासा’कडे येते. कृष्णाकाठच्या माणसाला माशाचा वास म्हणजे बहुधा गोड्या पाण्यातल्या माशाचा मातकट वास आठवत असतो. तो पाण्यातल्या शेवाळ आणि जीवाणूंमुळे येतो. समुद्राच्या माशाचा वास निराळ्या कारणानं येतो: त्याच्या अंगात एक गंधहीन द्रव्य असतं, मासा मेल्यावर जीवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि नाकाला झोंबतं ते हे. दोन्हींवर आंबट हाच उतारा. लिंबाच्या आम्लानं हे झोंबणारं द्रव्य बांधलं जातं, मग ते हवेत उडत नाही. आपल्याकडे माशाला कोकम किंवा चिंच लावल्याशिवाय पुढे जात नाहीत, ते उगाच नाही. शिवाय तळताना जो वास पडद्यांपर्यंत जातो तो बटाट्याच्या झाकणाखाली भाजताना जात नाही. सासऱ्यांना त्या संध्याकाळी घरात शिरल्यावर मासे आहेत हे नाकानं कळणार नाही.

सहा जणांना काटे-कातडी काढलेला सातशे ग्रॅम मासा पुरेल. म्हणजे तुकडे किलोभर घ्यावे लागतील. घरी आल्यावर एक काम यजमानांकडे द्या. स्वच्छ ताटात तुकडे मांडा, त्यांना बोटं मांसावरून दोन्ही दिशांनी फिरवू द्या. काटा असेल तर टोचतो, तो चिमट्यानं ओढून काढायचा. ज्याला काट्याची भीती आहे त्याच्याइतकं बारकाईनं हे काम दुसरं कुणी करणार नाही, आणि स्वतःच्या बोटांनी तपासलेला मासा खाताना जीव घाबरत नाही. ‘काही नाहीये त्यात, खा,’ हे दुसऱ्यानं कितीदाही सांगितलं तरी ती भीती जात नसते. लहानपणी घशात काटा अडकलेल्या माणसाला हसणं तर अजिबात नको.

मासा तपासून झाला की त्याचे दीड इंचाचे तुकडे करा, मीठ, पाव चमचा हळद आणि एका लिंबाचा रस लावा. पंधरा मिनिटं. त्याहून जास्त ठेवलात तर लिंबानंच मांस पांढरं पडून बाहेरून रबरी होतं. मग कापडानं टिपून कोरडे करा. हे टिपणं विसरू नका. ओला मासा ओव्हनमध्ये पाणी सोडतो आणि वाटीच्या तळाशी फिकट सार तयार होतं.

रसासाठी मोठा नारळ. पहिलं दाट दूध वाटीभर वेगळं ठेवा, दुसरं पातळ दीड वाटी. दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून दोन मोठे चमचे तेलात मऊ करा, रंग येऊ देऊ नका. आलं-लसूण वाटण चमचाभर. त्यावर तांदळाचं पीठ चार मोठे चमचे, मंद आचेवर दोन मिनिटं परता, मग पातळ दूध थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा. उकळून दाट झालं की गॅस बंद, आणि तेव्हाच दाट दूध घाला. दाट दूध खळखळून उकळलं तर फाटतं. रस तुम्हाला योग्य वाटेल त्याहून थोडा घट्टच असू दे, मासा स्वतःचं पाणी सोडून तो सैल करतो. मीठ, मिरपूड. इथे थांबा आणि रसाचे दोन भाग करा. एक भाग पांढराच राहील, तो मुलाचा, यजमानांचा आणि ज्यांना सौम्य हवं त्यांचा. दुसऱ्यात घरची कांदा-लसूण चटणी दोन चमचे तेलात फुलवून घाला. बाजारची मिरचीपूड नको. सासऱ्यांच्या जिभेला ज्या चटणीची सवय आहे तीच हवी. नारळाच्या गोडव्यात ती चटणी जे काय लागते ते खाऊनच कळेल! मला तर दोन्हींत तीच वाटी जास्त प्रिय आहे.

सासूबाई कांदा-लसूण खात नसतील तर त्यांच्यापुरता रस आधीच वेगळ्या कढईत करा: जिरं, आलं, हिरवी मिरची, नारळाचं दूध. त्यात मटार, मक्याचे दाणे, फ्लॉवरचे छोटे तुरे वाफवून. वर झाकण तेच बटाट्याचं. दिसायला त्यांची वाटी इतरांसारखीच असेल, आणि पंगतीत त्यांच्यापुढे वरणभात नि बाकीच्यांपुढे थाट असं होणार नाही.

बटाट्यात खरा देखणेपणा आहे, म्हणून त्याला वेळ द्या. किलोभर जुने, पिठूळ बटाटे सालासकट उकडा, गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्रातून काढा. मिक्सरला लावू नका. त्यातला स्टार्च फुटून गोळा चिकट होतो आणि मग काही केल्या सुधारत नाही. मीठ, पांढरी मिरी, दोन चमचे तेल, चार-पाच चमचे दाट नारळाचं दूध एवढंच. कणीक मळल्यासारखा पण मऊ गोळा व्हायला हवा. आता दिवाळीचा चकलीचा सोऱ्या काढा. चांदणीची चकती लावून बटर पेपरवर वाटीच्या तोंडाएवढ्या चकल्या पाडा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, आणि मग उलथन्यानं उचलून एकेक वाटीवर अलगद बसवा. पेपरवर पाडल्यानं सोऱ्या माशाला लागतच नाही, तेव्हा सासूबाईंना फराळाच्या सोऱ्याची काळजी नको. वरून चमचाभर तेलात चिमूटभर हळद कालवून ब्रशनं फिरवा. आपल्या सांगलीच्या हळदीचा रंग भाजल्यावर त्या चकलीच्या कडांवर असा चढतो की हॉटेलवाल्याला अंड्याचा बलक लावून जमत नाही.

चकल्या पाडायचं काम मुलाला द्या. त्याला सांगा की खाली मासा आहे. बटाट्याखाली मासा लपवून फसवून खाऊ घालायचा सल्ला अनेक जण देतील, मी देणार नाही. एकदा कळलं की तो बटाट्यावरही विश्वास ठेवणार नाही, आणि बटाटा हा त्याच्या ताटातला शेवटचा खात्रीचा पदार्थ आहे. त्याची वाटी लहान, पांढऱ्या रसाची, मासा दोन-तीनच तुकडे, कोथिंबीर नाही, बटाटा दुप्पट, आणि वर हवं तर चीज. सासऱ्यांचा दुधावरचा आक्षेप चीजवरही असेल तर त्याचं चीज वाटीत न घालता बाजूला द्या. त्यानं वरचा बटाटा खाऊन मासा ठेवला तर त्या रात्री एक शब्दही बोलू नका, पाहुण्यांनाही आधी बजावून ठेवा. मुलं नवी चव पहिल्या भेटीत घेत नाहीत, तीच गोष्ट अनेकदा समोर यावी लागते. त्या रात्री त्यानं माशाच्या वाटीत चमचा घातला, एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

वाट्या चिनी मातीच्या, ओव्हनला चालणाऱ्या घ्या, पाऊण ते एक कप मापाच्या. नसतील तर जाड स्टीलच्या चालतात, ओटीजीत स्टीलला हरकत नाही. मेलामाइन अजिबात नको. तळाला थोडा रस, त्यावर मासा, पुन्हा रस, वर चकली. चटणीच्या वाट्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यावर तळलेलं कढीपत्त्याचं पान खोचा.

ओव्हन वरची-खालची दोन्ही तापणाऱ्या कांड्या लावून दोनशे अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. पहिल्यांदा सासूबाईंची वाटी एकटी, रिकाम्या स्वच्छ जाळीवर. ती झाली की झाकून ठेवा. मग बाकीच्या सहा, खाली ट्रे ठेवून, मधल्या जाळीवर वीस ते पंचवीस मिनिटं. कडेनं रस बुडबुडायला लागला की शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरची कांडी. एका वाटीत मध्यापर्यंत सुरी खुपसून पाच सेकंद धरा, बाहेर काढून मनगटाला लावा, चटका बसला पाहिजे. चमच्यानं टोचल्यावर मासा पाकळ्यांत सुटतो आणि मधे पारदर्शक राहत नाही, तेव्हा तो झाला. वाट्या थेट फ्रिजमधून काढून घातल्यात तर दहा मिनिटं जास्त धरा, आणि चिनी मातीची वाटी असेल तर तिला आधी जरा बाहेर ठेवा, नाहीतर तडकते.

सोबतीला फार पसारा नको. सोलकढी करा; तीही नारळाचीच, दुधाचा प्रश्न नाही, आणि कोकमामुळे तोंड स्वच्छ होतं. सासूबाईंसाठी लसूण न घातलेली वेगळी. काकडीची कोशिंबीर दह्याऐवजी लिंबू आणि दाण्याच्या कुटाची. सासऱ्यांना ज्वारीची गरम भाकरी त्या तिखट वाटीबरोबर द्याच. भाकरी मोडून त्या रसात बुडवता आली की पदार्थ परका राहत नाही.

सकाळी मासा आणून, साफ करून बर्फावर फ्रिजमध्ये. दुपारपर्यंत रस आणि चकल्या. लिंबू-मीठ संध्याकाळी, पाहुणे चहा घेत असताना. म्हणजे जेवायच्या वेळी तुम्ही ओट्याशी नाही, पंगतीत असाल. उरलं तर दुसऱ्या दिवशी एकदाच नीट गरम करून संपवा.

आणि ओव्हन नवा आहे, म्हणून आधीच्या रविवारी दोनच वाट्या करून बघा, एक पांढरी, एक तिखट. प्रत्येक ओटीजीचे दोनशे अंश थोडे वेगळे असतात. तुमच्याकडे किती मिनिटांनी कडा सोनेरी झाल्या ते ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. तिखट वाटी सासऱ्यांना न सांगता देऊ नका. ‘बाबा, चटणी पुरेशी झाली का बघा,’ म्हणून त्यांनाच चाखायला बोलवा.